आकाशात जायचा दोर घेऊन चौकला

परत आल्यापासून आळीतल्या बायका विचारतायत, "सुमन, काय काय बघितलंस गं तिकडं?" मी म्हणते, "काय नाय, पोरीचं कॉलेज बघितलं." चार जणींत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. लहानपणापासून मी अशीच. पण पोटात जे साचलंय ते तसंच ठेवलं तर आंबेल, म्हणून इथे लिहून काढते. शाळा चौथीपर्यंतच झाली, तरी वाचायची-लिहायची सवय मी सोडली नाही. आमच्यातल्या पुष्कळ जणी कर्जतच्या बाजारापलीकडे गेलेल्या नाहीत. त्यांच्यापैकी कोणी कधी हे वाचलं, तर वाट कशी आहे, तिकडची माणसं कशी आहेत आणि मी कशावर एवढी चिडले आहे, ते तिला कळेल.

जायचं कारण दोर. माझी मुलगी सोनल खोपोलीला माझ्या नणंदेकडे राहते आणि चौक गावाजवळच्या एका कॉलेजात डिप्लोमा शिकते. शेवटचं वर्ष आहे. तिथल्या प्रदर्शनासाठी ती आणि तिच्या वर्गातला ओंकार मिळून एक मॉडेल करत होते, जमिनीपासून आकाशात जाणाऱ्या लिफ्टचं. रॉकेट उडवायचं नाही. पृथ्वीपासून वरपर्यंत एक दोर उभा करायचा आणि त्यावरून पाळणा चढवत न्यायचा. फोनवर तिने हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "आणि वर दोर बांधायचा कशाला?" ती हसली. "आई, तोच तर प्रश्न आहे. तू फक्त दोर वळून आण. बाजारातला दोर सगळीकडे सारखा जाड असतो. मला एका जागी जाड आणि तिथून बारीक होत गेलेला पाहिजे."

दोर मला वळता येतो. नवरा होता तेव्हा आम्ही दोघं मिळून वळायचो. तो गेल्याला बरीच वर्षं झाली, आता मी एकटी वळते. ठाकूरवाडीतल्या एका बाईकडून घायपाताचा वाख घेतला, म्हणजे पानं कुजवून झोडून काढलेले पांढरे धागे, आणि रोज दुपारी ओटीवर बसून दोर तयार केला. गोणपाटात गुंडाळला आणि निघाले.

कर्जत

गावातून कर्जतला टेंपोने यावं लागतं. शेजारी बसलेल्या बाईने गोणपाट दाबून बघितलं. "दोर वाटतं. म्हैस घेतली काय?" मी मान डोलावली. आकाशाचं सांगत बसण्यापेक्षा म्हैस बरी. मग कर्जत येईपर्यंत ती दूध किती देते, कोणाकडून घेतली, शिंगं कशी आहेत, हे सगळं मला मानेनेच सांगावं लागलं.

कर्जत स्टेशनात खोपोलीच्या गाडीला वेळ होता. वडापाव घेतला आणि बाकावर बसले. पुण्याकडे जाणारी मोठी गाडी आली की तिथे तिच्या मागे जादा इंजिनं जोडतात. घाट एवढा उभा आहे की पुढच्या इंजिनाला एकट्याला गाडी ओढवत नाही. जोडताना धक्का बसतो, सगळे डबे एकदम थरथरतात. मी पहिल्यांदाच नीट बघितलं. एवढा डोंगर चढायला एवढी इंजिनं लागतात, मग आकाशात चढायला किती लागतील, असं मनात आलं. पुढे सोनलने सांगितलं की चढण्याचं एवढं अवघड नाही. पाळणा विजेवर चालेल, वीज खालून प्रकाशाच्या झोताने पाठवता येईल, आगगाडीच्या वेगाने गेला तर बरेच दिवस लागतील, पण चढेल. अडलंय ते दोरावर.

पळसदरीवरून

खोपोलीची गाडी जवळजवळ रिकामी होती. पळस फुलले होते. शेतं कापून कोरडी पडलेली, गवत पिवळं, आणि मध्येच पानं नसलेलं एखादं झाड नुसतं केशरी. पळसदरीला धरणावर सहलीला आलेलं एक शहरी कुटुंब डब्यात चढलं. पायांना चिखल, हातात चिप्सची पाकिटं. त्यातल्या बाईला माझ्या गोणपाटातून बाहेर आलेलं दोराचं टोक दिसलं.

"मावशी, हे हँडमेड आहे का? विकताय?"

मी नाही म्हटलं.

"वॉव, किती ऑथेंटिक आहे ना," ती नवऱ्याला म्हणाली. मग तिने फोन काढला आणि माझा, दोराचा आणि माझ्या पायातल्या चपलेचा फोटो घेतला. घेऊ का म्हणून विचारलंही नाही. आमच्याकडे कोणाच्या गोठ्यात जायचं तरी आधी बाहेरून हाक मारतात. मी खिडकीकडे तोंड केलं. राग आला होता, पण तेव्हा तो घशाच्या खालीच राहिला. पुढे या प्रवासात तो हळूहळू वर येत गेला.

खोपोली जवळ आली की डोंगरावरून खाली उतरणारे मोठाले नळ दिसतात. वरच्या धरणाचं पाणी त्यातून पडतं आणि खाली वीज तयार होते. पाणी पडतं तर वीज मिळते, वर चढवायचं तर वीज लागते. एवढं मला समजलं आणि बरं वाटलं.

खोपोली

नणंदेला मी आक्का म्हणते. तिचा नवरा कारखान्यातून निवृत्त झाला आहे, घर स्वतःचं आहे, मागे फरशी घातलेलं अंगण आहे. मी पोचले तेव्हा अंगणात जुन्या साडीवर उडदाचे पापड वाळत होते.

"आलीस? हातपाय धू आन् आत ये. पापडांवरून जाऊ नको."

माझ्या घरी पाहुणा आला की आधी पाणी आणि गूळ देतात. आक्काकडे आधी चप्पल कुठे काढायची ते सांगतात. पण वाईट नाही ती. सोनलला तिने तीन वर्षं सांभाळली, हे मी विसरत नाही. तिच्याकडे हळदीकुंकू असलं की मला स्वयंपाकघरात बसवते आणि मी वाटाणे सोलते, तेही विसरत नाही.

सोनलने दोर सोडून बघितला आणि तिचं तोंड उतरलं.

"आई, हे काय केलंस?"

"का? एका जागी जाड, मग बारीक."

"अगं, जाड टोकाला केलंस. मला मध्ये पाहिजे होता."

मी दाव्यासारखा वळला होता. दावं गळ्याकडे जाड ठेवतात, कारण जनावर तिथे हिसका देतं, तिथेच दोर झिजतो. जाड दोर म्हटल्यावर माझे हात आपोआप तिकडेच गेले. मध्ये जाड दोर जन्मात कोणी वळला नसेल. मला रडू यायचं बाकी होतं. सोनल माझ्याजवळ फरशीवर बसली.

"विहिरीतून बादली ओढतेस तेव्हा दोराला जास्त ताण कुठे बसतो?"

"बादलीपाशी."

"बादलीपाशी फक्त बादलीचं वजन. वर रहाटापाशी बादलीचं आणि सगळ्या दोराचं."

हे मला पटलं. उन्हाळ्यात पाणी खोल जातं तेव्हा बादली दिसायच्या आधीच हात भरून येतात.

"आता विहीर छत्तीस हजार किलोमीटर खोल आहे असं समज. पोलादाची तार थोडेच किलोमीटर लोंबेल आणि स्वतःच्याच वजनाने तुटेल. बादली लावायचीही गरज नाही."

"मग एवढा दोर टांगायचा कशाला?"

"कशालाच नाही. थांब, दाखवते."

तिने तांब्यात पाणी भरलं, त्याच्या गळ्याला माझ्या दोराचं बारीक टोक बांधलं आणि अंगणात उभी राहून तो गोल गोल फिरवायला लागली. डोक्यावरून गेला तरी थेंब पडेना. लहानपणी मी नाचणीच्या शेतात गोफण फिरवून पाखरं हाकायची, तसाच दोर ताठ. "बघ, कोणी वरून धरलाय का? फिरतोय म्हणून ताठ आहे. पृथ्वीपण फिरते. त्या छत्तीस हजारावर एक जागा आहे, तिथली वस्तू पृथ्वीबरोबरच फिरते, म्हणून खालून एका जागी उभी दिसते. तिथून खाली सोडलेला दोर खाली ओढतो. तिथून वर सोडलेला दोर, टोकाला मोठं वजन बांधून, बाहेर ओढतो. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की दोर आपला आपण उभा. आणि सगळ्यात जास्त ताण त्या मधल्या जागेवर, म्हणून तिथं जा—"

तांब्याची गाठ सुटली. तांब्या भिंतीवर आपटला आणि पाणी सगळं पापडांवर.

आक्का बाहेर धावत आली. "मेले, माझे पापड! हे शिकतेस व्हय कॉलेजात? तांबे फेकायला?"

"आत्या, दोर तुटला नाही, गाठ सुटली."

"माझ्या डोक्याची सुटली! सुमन, तू तरी सांग तिला कायतरी. उद्या नवऱ्याच्या घरी काय हे तांबे फिरवनार हाय ती?"

आम्ही तिघींनी ओले पापड उचलले. काही वाचले, बाकीच्यांचा लगदा झाला. मग मी दोर पूर्ण उलगडला आणि पुन्हा वळायला बसले. आधी तीन बारीक पेड, मग हळूहळू वाख वाढवत जायचं, मध्यावर सगळ्यात जाड, तिथून पुन्हा एकेक धागा गाळत आणायचा. सोनल एक टोक धरून बसली. संध्याकाळी आक्का चहा घेऊन आली आणि दुसरं टोक धरून पीळ द्यायला लागली. माझे तळवे सोलले होते.

वळता वळता मी विचारलं, "होईल का गं हे खरंच?"

"नाही," सोनल म्हणाली.

मी हातातला पेड खाली ठेवला.

"आत्ता नाही. एवढा हलका आणि एवढा मजबूत धागाच नाही. कार्बनच्या अगदी सूक्ष्म नळ्या असतात, त्यांचा धागा हिशेबात पुरतो. पण सलग तो जेमतेम हातभर बनतो, आणि त्यात एवढीशी खोट राहिली तरी ताकद जाते. वर जुन्या उपग्रहांचा कचरा फिरतोय, तो आपटला तर काय? विजा आहेत. आणि जागा विषुववृत्तावर पाहिजे, आपल्याकडे नाहीच. चंद्रावर मात्र जमू शकेल. चंद्राची ओढ कमी आहे, आज मिळणारे धागेही तिथे पुरतील."

"मग हे सगळं सांगणार आहेस ना?"

तिने दोर गुडघ्यावर ठेवला. "ओंकार म्हणतो, अजिबात सांगायचं नाही. दहा वर्षांत होणार असं ठोकून द्यायचं, नाहीतर बक्षीस जातं. पण परीक्षक बाहेरून येणार आहेत आणि तोंडी परीक्षा प्रत्येकाची वेगळी आहे. जो टेबलापाशी नसेल त्याला मार्क नाहीत. मी उभी राहणार आणि खरं ते सांगणार. वर्षभर मी हेच शोधलंय, आई. माझ्या नावावर खोटं जायला नको."

चौक

सकाळी खोपोलीहून टेंपोत बसलो. जुना हायवे खालापुरावरून जातो. दोन्ही बाजूंना गॅरेजं, टायरांचे ढीग, ढाब्यांवर कोळशाचा धूर. चौकच्या अलीकडे उतरलो आणि मी डोक्यावर गोणपाट घेऊन कॉलेजात शिरले. वॉचमनने आधी मलाच अडवलं. "सामान मागच्या दारानं." सोनल म्हणाली, "आई आहे माझी." तो म्हणाला, "असू दे, सामान मागच्या दारानं." गेलो मागच्या दाराने.

हॉलमध्ये टेबलांच्या रांगा होत्या. सोनलच्या टेबलावर रंगवलेला मोठा चेंडू, म्हणजे पृथ्वी, तिथून माझा दोर वर छताच्या हुकापर्यंत आणि दोरावर बॅटरीवर चढणारा छोटा पाळणा. "हुक खोटा आहे," सोनल मला म्हणाली, "हेपण सांगणार मी." ओंकार केसांना पाणी लावून आला होता. मुलगा हुशार वाटला, पण बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून बघायचा.

तेवढ्यात एक मॅडम आल्या. प्रदर्शनाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. "सोनल, तू उंच आहेस. चल, नऊवारी नेसून गेटवर. प्रमुख पाहुण्यांचं औक्षण करायचंय."

"मॅडम, माझी तोंडी आहे."

"ओंकार आहे ना? ग्रुपमधलं एक कोणी असलं की झालं."

"पण मार्क वेगळे—"

"सोनल, पाच मुली पाहिजेत. मग काय मुलग्यांच्या हातात थाळ्या देऊ?"

आजूबाजूची मुलं हसली. दुसऱ्या टेबलांवरच्या चार मुलीही उठल्या. त्यांचीपण तोंडी होती. एकीच्या टेबलावर तर ती एकटीच होती, तिथे नुसतं मॉडेल राहिलं. पाचजणी आत गेल्या आणि भाड्याच्या नऊवाऱ्या, नथी, गजरे लावून बाहेर आल्या. सोनलच्या हातात निरांजन, कुंकू, अक्षता असलेली थाळी. ती गेटवर जाऊन उन्हात उभी राहिली.

पाहुणा दारात आला तर आम्हीही हातातलं काम टाकून उठतो. पण तो येण्याआधीच पोरींना उन्हात खांबासारखं उभं करायचं, हे मी पहिल्यांदा बघितलं. "पनवेल सोडलंय," मॅडम फोन ठेवून म्हणाल्या. पुष्कळ वेळाने पुन्हा म्हणाल्या, "पनवेल सोडलंय." परीक्षक मात्र वेळेवर आले होते. चष्मा लावलेले, म्हातारे, थकलेले गृहस्थ. एकेका टेबलापाशी थांबत आमच्या रांगेत आले. मी टेबलामागे भिंतीला चिकटून उभी होते.

ओंकार भराभर बोलत होता. कार्बन नॅनोट्यूब, दहा वर्षं, भारत सगळ्यांच्या पुढे.

"हा दोर?" परीक्षकांनी हात लावून विचारलं.

"लोकल मार्केटमधून घेतला, सर."

माझे तळवे अजून जळत होते.

"मध्ये जाड का?"

"स्ट्रेंथसाठी, सर."

"ते कळलं. पण मध्येच का?"

ओंकार वर छताकडे बघायला लागला. मला उत्तर माहीत होतं. कालच कळलं होतं. पण मी सांगून काय? ते सोनलचं होतं, वर्षभराचं होतं, आणि ती गेटवर नथ घालून उभी होती. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. मी भिंतीपासून सुटले आणि बाहेर पळाले.

"सोनल, ते तुझ्या टेबलाशी आलेत."

ती हलली. मॅडमनी तिचा दंड धरला. "आत्ता नाही. गाडी वळली आतमध्ये."

"मॅडम, तिला सोडा," मी म्हटलं. शिकलेल्या माणसाशी त्याने विचारल्याशिवाय मी आजवर कधी बोलले नव्हते. आवाज माझा मलाच वेगळा वाटला.

"काकू, पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

"पाच मिनिटांत ते पुढं जातील."

"मग थाळी कोण धरणार?"

मी सोनलच्या हातातून थाळी घेतली. मॅडमनी माझ्या कपाळाकडे बघितलं, मग गळ्याकडे. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्ही नका. समजून घ्या ना. शुभकार्य आहे."

समजून घ्या. किती वर्षं मी हेच समजून घेत आले. लग्नात मागे बसले, वाटाणे सोलले, कोणाच्या बाळाला आधी हात लावला नाही. कोणी ओरडून सांगितलं नाही कधी, सगळे असंच हळूच, जवळ येऊन, मायेने सांगतात. हातात थाळी होती म्हणून, नाहीतर काय केलं असतं सांगता येत नाही.

"काय समजून घेऊ?" मी मोठ्याने विचारलं. वॉचमनसुद्धा वळला. "नवरा मेला माझा, त्यात हिची तोंडी कशाला मारता? सोनल, जा."

"आई—"

"जा म्हणते ना!"

ती पळाली. नऊवारीचा तेवढाच उपयोग झाला, काष्टा असल्यामुळे धड पळता आलं.

आणि गाडी थांबली. पाहुणे उतरले, कानाला फोन. मी पुढे झाले. थाळीतलं निरांजन हलत होतं. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. ते फोनवर "हां, बोला, बोला" म्हणत होते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातून एक नोट काढली, थाळीत टाकली आणि पुढे निघाले. ज्या माणसाचं माझ्या हाताने वाईट होईल म्हणून एवढं चाललं होतं, त्याला कोण ओवाळतंय हेही माहीत नव्हतं.

मॅडम पुढे धावल्या. "सर, एक मिनिट. फोटो नीट आला नाही." त्यांनी रुमाल पुढे केला. "कुंकू जरा वाकडं लागलंय." त्यांनी पुसलं. मी लावलेलं कुंकू त्यांनी माझ्यासमोर पुसलं, आणि दुसऱ्या मुलीकडून नव्याने लावून घेतलं, नव्याने ओवाळून घेतलं. पाहुणे पुन्हा फोनवर बोलत उभे राहिले. मी थाळी वॉचमनच्या टेबलावर ठेवली, नोटेसकट, आणि आत गेले.

सोनल धापा टाकत बोलत होती. नथ काढून मुठीत धरलेली. विहीर, बादली, तांब्या, सगळं सांगून झालं होतं. परीक्षक पेन हातात धरून ऐकत होते.

"मग तुझ्या मते हे होणार कधी?"

ओंकारने तिच्या पायावर पाय दिला, मला दिसलं.

"आज नाही होत, सर," सोनल म्हणाली. "धागा नाही. आणि हा वरचा हुक खोटा आहे."

"मग होत नाही ते मॉडेल केलंस कशाला?"

"का होत नाही ते नीट कळावं म्हणून. कुठे अडलंय ते कळलं तर कोणीतरी तिथून पुढे जाईल."

परीक्षकांनी तिच्याकडे बघितलं, मग दोराकडे. "आणि हा दोर बाजारात मिळतो?"

"नाही, सर. आईने वळलाय."

त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. तिथे कोणी नव्हतं. ते थोडे थांबले, मग कागदावर एक रेघ ओढली. ती मुलगी अजून गेटवर होती.

बक्षीस मिळालं ते, जवळ गेलं की झाकण आपोआप उघडणाऱ्या कचऱ्याच्या डब्याला. ओंकार म्हणाला, "झालं समाधान?" सोनल म्हणाली, "हो." मग तो टेबलावरचं आपलं तेवढं उचलून निघून गेला.

निघताना मॅडम समोर आल्या. माझ्याकडे न बघता सोनलला म्हणाल्या, "उद्या समारोपाला दुसरे पाहुणे आहेत. दहाला तयार राहा. आजच्यासारखं नको."

मी म्हटलं, "उद्या बाहेरचे लोक बघायला येणार आहेत ना? ती टेबलापाशी उभी राहणार. गेटवर कोणी नसेल तर मला बोलवा."

बाकीच्या चारजणी नऊवाऱ्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी हात थांबवले. ज्या मुलीच्या नावावर रेघ ओढली होती तिचे डोळे सुजले होते. मॅडम फोन लावत निघून गेल्या.

पुन्हा खोपोली

आम्ही पोचायच्या आधीच आक्काला बातमी कळली होती. शेजारची पोरगी त्याच कॉलेजात आहे.

"तू थाळी धरलीस? चारचौघांत?"

"धरली."

"अगं, लोक काय म्हनतील?"

"लोक फोनवर बोलत होते, आक्का."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघितली, उत्तर तयार ठेवलं होतं, एक नाही चांगली चार. ती आत गेली आणि कालच्या वाचलेल्या पापडांतले थोडे भाजून ताटात घेऊन आली. "जेवा," एवढंच म्हणाली. राग काढायला मला तिथे जागाच मिळाली नाही, म्हणून तो तसाच माझ्याबरोबर झोपला आणि माझ्याबरोबरच उठला.

दुसऱ्या दिवशी

सोनल मित्रमैत्रिणींबरोबर लवकर गेली. मी मागून एकटी टेंपोने गेले. या वेळी गोणपाट नव्हतं, त्यामुळे वॉचमनने मला पुढच्या दाराने जाऊ दिलं.

गेटवर एकही मुलगी नव्हती. दारातून आत बघितलं तर त्या चौघीही आपापल्या टेबलापाशी होत्या, साध्या ड्रेसमध्ये. कोणी ठरवलं, कसं ठरवलं, मला माहीत नाही. मॅडम स्वतः रेशमी साडी नेसून हातात थाळी घेऊन उन्हात उभ्या होत्या. एकट्या. फोन खांद्याने कानाशी धरला होता आणि त्या कोणालातरी विचारत होत्या, "पनवेल सोडलं का?"

मी त्यांच्या शेजारून गेले. वारा सुटला होता आणि थाळीतलं निरांजन विझायला आलं होतं. त्यांचे दोन्ही हात अडकले होते. पदराचा आडोसा करता आला असता मला. मी केला नाही. आतून सोनलचा आवाज येत होता, कोणाला तरी विहीर आणि बादली समजावून सांगत होती. मी तिकडे गेले.